मोतीराम तायडे मार्ग

गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेनं पाटी ठोकली, त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले आणि मनकर्णाबाईची पंचाईत झाली.

पाटी मोठी देखणी होती. निळा पत्रा, त्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं: मोतीराम तायडे मार्ग. मोतीराम तायडे म्हणजे मनकर्णाबाईचा नवरा, तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेलेला. नवऱ्याच्या नावाचा रस्ता व्हावा, हे भाग्य अकोल्याच्या जुन्या शहरात भल्याभल्या घरच्या बायकांच्या वाट्याला आलं नव्हतं. पण जिनं लग्नात घेतलेला एक उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव जन्मात तोंडातून काढलं नाही, तिनं आता आपला पत्ता सांगायचा कसा? हा विचार ना नगरपालिकेच्या मेंबरांना शिवला, ना गल्लीतल्या शहाण्या मंडळींना. पुरुषांना असले विचार शिवतच नाहीत. ते पेढे वाटतात आणि घरी जाऊन झोपतात.

गल्ली मोर्णेच्या काठाला, जुन्या शहराच्या अगदी टोकाला. तिला आधी दुसरं नाव होतं. गावानं ठेवलेलं नाव ते, तिथं राहणाऱ्यांच्या जातीवरून पडलेलं. नाव सांगितलं की समोरचा माणूस अर्धं पाऊल मागं सरायचा, आणि दुकानदार पैसे हातात न घेता फळीवर ठेवायला सांगायचा. ते नाव इथं लिहायचं नाही. ज्यांना ते माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचं काही बिघडलेलं नाही. छप्पन साली गल्लीतली सगळी घरं बौद्ध झाली, तसबिरी बदलल्या, सण बदलले, लग्नाच्या रीती बदलल्या, पण गल्लीचं नाव गावाच्या तोंडात होतं तसंच राहिलं.

आणि त्या गल्लीतला चिखल! वऱ्हाडातली काळी माती ज्यानं पावसाळ्यात तुडवली त्यालाच ती कळते. पाय घातला तर पाय निघतो, वहाण आतच राहते. गल्लीतली पोरं शाळेत गेली की मास्तर आधी त्यांचे पाय पाहायचे. गुडघ्यापर्यंत चिखल दिसला की कोणत्या गल्लीतला ते विचारायची गरजच नसायची, बोटानं मागची जागा दाखवायची की झालं. मोतीरामचा मुलगा पंजाबराव पहिलीत असताना असाच एकदा रडत घरी आला. मोतीराम कापसाच्या जिनात हमाल होता, रुईच्या गाठी वाहायचा. त्यानं पोराचे पाय धुतले, पुसले, आणि मास्तराला शिव्या दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जिनातून परत येताना त्यानं डोक्यावर एक दगड आणला.

जिनामागं एक जुनी भिंत पाडली होती, तिचे काळे दगड पडलेले होते. शेटजींना विचारून मोतीराम रोज संध्याकाळी त्यातला एक उचलायचा, चुंबळीवर ठेवायचा आणि पुलावरून मोर्णा ओलांडून घरी यायचा. मनकर्णाबाईच्या जिवाचा संताप व्हायचा. ती शेजारणींना म्हणायची, लोकांचे नवरे बाजारातून मेथी आणतात, वांगी आणतात, माझा नवरा गोटे आणतो. त्यात आणखी मोतीरामची तऱ्हा अशी, की त्याचं घर गल्लीच्या अगदी शेवटाला, आणि त्यानं दगड बसवायला सुरुवात केली ती गल्लीच्या तोंडापासून. दुसऱ्याच्या दारात फरशी, स्वतःच्या दारात डबकं. मनकर्णाबाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन आधी दगडावरून झोकात यायची आणि मग घरापर्यंत चिखल तुडवत जायची, नवऱ्याच्या अकलेचे वाभाडे काढत. मोतीराम ऐकून घ्यायचा. एवढंच म्हणायचा, की आपल्या दारापासून सुरू केलं असतं तर दगड आपल्या दाराशीच थांबले असते.

ते खरं होतं. दगड गल्लीच्या मध्यावर आले तेव्हा बाकीच्यांना लाज वाटली म्हणा की हुरूप आला म्हणा, बुधाजीनं दगड आणला, मग त्याच्या भावानं, मग जो तो. दीक्षा घेऊन नागपूरहून सगळे परत आले त्या हिवाळ्यात शेवटचा दगड मोतीरामच्या उंबऱ्याशी बसला. त्या दगडावर मनकर्णाबाई पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मोतीरामनं तिच्या पायांकडं पाहिलं आणि नुसता हसला. पुढं दीड-दोन पावसाळे पाहून तो गेला.

नगरपालिकेनं गल्ल्यांना पाट्या लावायचं ठरवलं, तेव्हा बुधाजी आणि पंजाबराव अर्ज घेऊन गेले. बुधाजी गल्लीतला वडीलधारा माणूस, बोलायला खमका. मेंबरांपैकी कोणी म्हणालं, एखाद्या मोठ्या पुढाऱ्याचं नाव देऊ. बुधाजी म्हणाला, पुढाऱ्यांच्या नावाचे रस्ते गावोगाव होतील, त्यांना काही कमी नाही. हा रस्ता ज्यानं डोक्यावरून आणला त्याचं नाव याला द्या. मेंबरांनी अर्ज मंजूर केला, आणि पाटी लागली.

पण पाटी लागल्यानं नाव लागत नाही, हे महिनाभरात दिसून आलं. टांगेवाला जुन्याच नावानं हाक मारायचा, वाणी जुन्याच नावानं पुडी बांधायचा. मग बुधाजीनं गल्लीची बैठक घेतली आणि फर्मान काढलं: जुन्या नावानं कोणी काही विचारलं तर अशी गल्ली इथं नाही म्हणून सांगायचं. मग तो टांगेवाला असो, पोस्टमन असो, की साक्षात जावई असो.

गल्लीनं हे फर्मान असं पाळलं की काही विचारू नका. पोरांना तर खेळच मिळाला. एकदा बुधाजीचा सख्खा साळा शेंदूरजनाघाटहून संत्र्याची टोपली घेऊन आला. बिचाऱ्याला नव्या नावाची काय कल्पना? गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं जुनं नाव विचारलं. पोरं म्हणाली, अशी गल्ली इथं नाही. तो म्हणाला, अरे बाबांनो, मी दरसाल येतो, ही काय तीच! पोरं म्हणाली, ती नव्हेच. भर उन्हात दुपारपर्यंत तो जुन्या शहरात फिरला आणि शेवटी पुलाच्या कठड्यावर बसून स्वतःच आणलेली संत्री सोलून खात बसला. बुधाजीच्या बायकोनं, चतुराबाईनं, पुढं बरेच दिवस नवऱ्याशी अबोला धरला होता. पण त्या साळ्यानं नवं नाव पाठ केलं ते कायमचं.

अशी सगळी गल्ली नव्या नावासाठी हट्टाला पेटलेली, आणि बाजारात जुनं नाव सांगत होती ती एकटी मनकर्णाबाई. मोतीरामची बायको.

वाण्याला वहीत उधारी मांडायला गल्लीचं नाव लागायचं, तेव्हा तिनं आधी पुष्कळ खटपटी केल्या. "पाटीवाली गल्ली" म्हणून पाहिलं, पण पाट्या सगळ्याच गल्ल्यांना लागल्या होत्या. "दगडाची गल्ली" म्हणून पाहिलं, कोणाला कळेना. "पंजाबच्या बाबाची गल्ली" म्हटलं तर वाणी म्हणाला, कोण पंजाब आणि कोण त्याचा बाबा? मागं गिऱ्हाइकं ताटकळलेली. शेवटी खालच्या आवाजात, पदर तोंडाशी धरून, तिनं जुनं नाव सांगितलं. वाण्याला लगेच कळलं. मग तिला तीच सवय लागली.

तानुबाईशीही ती त्याच नावानं बोलायची. तानुबाई माळ्याची. मोर्णेकाठी तिचा भाजीचा मळा होता, आणि मनकर्णाबाई वर्षानुवर्षं तिथं निंदणाला जायची. दोघी एका वयाच्या, दोघी जिभेच्या तिखट, दिवसभर वाफ्यात बसून सगळ्या गावाची खबरबात घ्यायच्या. घरी जाताना तानुबाई तिच्या ओटीत मूठभर मिरच्या किंवा आंबट चुका हमखास टाकायची. तानुबाई चांगली होती, पण तिचं चांगलेपण मळ्याच्या बांधापर्यंत होतं. गल्लीत ती कधी आली नव्हती. मोतीराम गेला तेव्हाही तिनं आपली बैलबंडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली होती आणि तिथूनच पदर डोळ्यांना लावला होता. तुमच्या गल्लीत चाक फसतं, असं ती म्हणायची. दगड बसून इतकी वर्षं झाली, तरी तिच्या बोलण्यात ते चाक फसतच होतं. मनकर्णाबाईला ते कळत होतं. मैत्रीत माणूस पुष्कळ गोष्टी न कळल्यासारखं करतो.

पंजाबराव आता अमरावतीला एसटीच्या डेपोत नोकरीला होता आणि रविवारी घरी यायचा. असाच एका रविवारी तो बाजारातून आला तो तणतणतच. पिशवी खाली ठेवली आणि आईसमोर उभा राहिला. मनकर्णाबाई सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती. चुलीपाशी तिची सून शकुन भाकरी थापत होती. शकुनला सातवा महिना होता.

"माय, तू बाजारात जुनं नाव सांगतं?"

"कोन म्हने?"

"वाणी म्हने. मी त्याले म्हटलं, आमच्या गल्लीले नवं नाव हाय, थे घेत जा. तं थो हासला. म्हने, तुही मायच जुनं नाव घेते."

मनकर्णाबाईनं खडा बाजूला टाकला. मग काय सांगू, असं तिनं विचारलं. पंजाबराव म्हणाला, बाबाचं नाव सांग. ती म्हणाली, त्यांचं नाव मी कसं घेऊ? मग पंजाबरावनं तिला पुष्कळ समजावलं. देव्हाऱ्यातले टाक तूच मोर्णेत सोडले ना, तेव्हा हात कापला नाही. उपास सोडले, नवस सोडले. मग हेच का धरून बसली? ही पण तसलीच जुनी रूढी. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आता कोण मानतं? बोलता बोलता त्याचा आवाज चढला आणि जे बोलू नये ते तो बोलून गेला.

"आन आता कोनाचं आयुष्य कमी होनार हाय, माय? थे तं गेले."

शकुनचा हात परातीत थांबला. मनकर्णाबाईनं सूप खाली ठेवलं.

"तुयासाठी गेले असतीन," ती म्हणाली. "मी त्याईचं नाव घेतलं नाई अजून."

खरी गोष्ट अशी होती, की टाक मोर्णेत सोडताना मनकर्णाबाईला काही वाटलं नाही, कारण त्या टाकांनी तिचं कधी काही भलं केलं नव्हतं. पण नवऱ्याचं नाव ही तिनं आयुष्यभर जपलेली एकमेव चीज होती. दागिना नव्हता, शेत नव्हतं. नाव न घेणं म्हणजे तो घरात आहे, जिनातून यायचा आहे, आत्ता दारात दगड टेकवून पाणी मागेल. नाव घेतलं की संपलं. मेलेल्या माणसाचंच नाव असं मोकळेपणी घेतात. तिला ते कबूल करायचं नव्हतं, आणि हे पोराला समजावून सांगायला तिच्यापाशी शब्द नव्हते.

संध्याकाळच्या गाडीला निघताना पंजाबराव उंबऱ्यावर थांबला. आवाज आता खाली आला होता.

"उद्या घरात लेकरू येईन, माय. त्याच्या नावापुढं कोन्ती गल्ली लागन, तेवढं पाह्यजो."

एवढं बोलून तो दगडांवरून पायांकडं पाहत निघून गेला. मनकर्णाबाईनं त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

श्रावण सरता सरता शकुनचे दिवस भरले. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. मनकर्णाबाई सकाळी मळ्यात होती, तेवढ्यात चतुराबाईचा निरोप आला की शकुनच्या पोटात कळा सुरू झाल्या. मनकर्णाबाईनं हातातलं खुरपं टाकलं. तानुबाईची भाजीची बंडी बाजारात निघायच्या बेतात होती. तिनं लगेच वांग्यांची पोती खाली उतरवली, बंडीत गवत टाकलं, वर घोंगडी अंथरली आणि गड्याला बैल हाकायला सांगितलं. भाजी उद्या विकता येईल, म्हणाली. म्हणूनच म्हटलं, तानुबाई चांगली होती.

पण गल्लीच्या तोंडाशी बंडी थांबलीच. पाऊस पडून गेला होता. तानुबाई म्हणाली, आत चाक फसायचं, तिला इथवर आण. मनकर्णाबाई धावत आत गेली आणि चतुराबाईच्या आधारानं शकुनला घेऊन आली. कळ आली की शकुन थांबायची, कळ गेली की पुढं निघायची. दगड धुऊन निघालेले होते, पाय घसरायची भीती नव्हती. तानुबाई बंडीत बसून वाट पाहत होती, आणि तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर ती निळी पाटी होती. तानुबाईला वाचता येत नव्हतं. मनकर्णाबाईलाही येत नव्हतं. दोघींनी तिच्याकडं पाहिलंही नाही.

दवाखाना नदीपलीकडं, नव्या शहरात. तिथं पोचल्यावर शकुनला आत नेलं आणि या दोघी बाहेर बाकड्यावर बसल्या. तानुबाई आपल्या सगळ्या बाळंतपणांच्या कथा सांगत होती, एकीपेक्षा एक भयंकर. मनकर्णाबाईला वाटत होतं, हिनं जरा गप्प बसावं, आणि हिनं उठूनही जाऊ नये.

दुपारी मुलगी झाली. नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, बाळ-बाळंतीण दोघी चांगल्या आहेत. तानुबाईनं मनकर्णाबाईच्या पाठीत असा धपाटा घातला की तिचे डोळे भरून आले, आणि ते नक्की कशानं भरले ते तिलाही सांगता आलं नसतं. शकुनच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली नात तिच्या हातात दिली तेव्हा ती आधी रडली, मग हसली. पोरीचे पाय लुगड्यातून बाहेर आले होते. तळवे गुलाबी, मऊ, जमिनीशी अजून ओळख न झालेले.

थोड्या वेळानं वॉर्डात कारकून आला. म्हातारा, चष्मेवाला, सौम्य माणूस. शकुनच्या खाटेशी स्टूल ओढून बसला, रजिस्टर उघडलं, दौत खाटेखाली लवंडणार नाही अशी ठेवली आणि विचारायला लागला. बाळंतिणीचं नाव? शकुन. मुलीच्या वडिलांचं नाव? शकुननं लाजून सासूकडं पाहिलं. मनकर्णाबाईनं ताठ मानेनं सांगितलं, पंजाबराव. मुलाचं नाव घ्यायला आईला कसली आडकाठी! आडनाव तायडे.

"पंजाबरावच्या वडिलांचं नाव?"

आता आली का पंचाईत! शकुनला सासऱ्याचं नाव चालत नाही, मनकर्णाबाईला नवऱ्याचं. दोघी एकमेकींकडं पाहायला लागल्या. कारकुनाचं सारं आयुष्य वऱ्हाडात गेलं होतं, त्याला हे रोजचंच होतं. तो म्हणाला, असू द्या, जागा सोडतो, तुमच्यातलं कोणी आलं की सांगतील. आता पत्ता सांगा.

"मोर्नेच्या पल्याड," मनकर्णाबाई म्हणाली. "जुन्या शहरात." आणि थांबली.

तिची अडचण झाली असं पाहून शेजारी उभ्या असलेल्या तानुबाईनं मदत केली. तिनं जुनं नाव सांगितलं. चांगल्या मनानं, मोठ्या आवाजात, आपली मैत्रीण कुठं राहते ते आपल्याला ठाऊक आहे या अभिमानानं. पलीकडच्या खाटेवरची एक बाई कुशीवर वळली आणि तिनं या बाजूला पाहिलं. मग आपल्या पोरावर पांघरूण ओढून तिनं पाठ केली.

"हो, माहीत आहे मला ती," कारकून म्हणाला आणि त्यानं टाक दौतीत बुडवला.

मनकर्णाबाईला त्या पाठ केलेल्या बाईचा राग आला नाही. कारकुनाचा आला नाही. तानुबाईचा तर नाहीच. हिला हे नाव कोणी दिलं? मीच दिलं. रोज वाफ्यात बसून, बोलता बोलता, मीच तिच्या हातात ठेवलं. जपायचं म्हणून एक नाव पोटाशी धरलं, आणि त्याच्या जागी दुसरं सगळ्या गावाला वाटत फिरले. आणि आता ते पोरीच्या नावापुढं लागणार, ती पायांवर उभी राहायच्या आधी. त्या माणसानं मान मोडेपर्यंत दगड वाहिले, ते कशासाठी वाहिले?

टाक कागदाला टेकणार, तेवढ्यात ती बोलली.

"थांबा. थे नाव लिवू नका."

कारकुनानं टाक वर उचलला. मग काय लिहू, त्यानं विचारलं. मनकर्णाबाईचे कान तापले. पदर सारखा करायला हात मोकळा नव्हता, हातात नात होती. तिनं नातीच्या तळव्यांकडं पाहिलं आणि ओठ उघडले. आवाज फुटला नाही. पुन्हा उघडले.

"मोतीराम," ती म्हणाली.

"काय? मोठ्यानं सांगा, बाई."

"मोतीराम गल्ली," मनकर्णाबाई म्हणाली, इतक्या मोठ्यानं की वॉर्डाच्या दारातली नर्स वळून पाहायला लागली. "मोतीराम तायडे मार्ग. पाटी हाय तथी नगरपालिकेची. थेच लिवा."

कारकुनानं ते नीट लिहिलं. शाई टिपकागदानं टिपली. मग वरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून, मान न उचलता, त्यानं विचारलं, की मग ते पंजाबरावच्या वडिलांचं नाव तेवढं राहिलं.

"थेच," मनकर्णाबाई म्हणाली.

आता मात्र त्यानं मान उचलली. चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, रजिस्टरातल्या पत्त्याकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. मोकळ्या जागेत मोतीराम लिहिलं, आणि उठताना, का कोण जाणे, त्यानं तिला नमस्कार केला.

तो गेल्यावर मनकर्णाबाई खाटेच्या कडेला बसली आणि रडली. मोतीराम गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, हिचं काळीज दगडाचं आहे. आज ते रडणं आलं, चार वर्षं उशिरा. नवरा गेला, हे तिनं आज कबूल केलं होतं. शकुननं पडल्या पडल्या हात लांब करून सासूच्या मांडीवर ठेवला. आणि नवल असं, की रडता रडता मनकर्णाबाईला हलकं वाटत होतं, चुंबळीवरचं ओझं उतरवून कोणी जमिनीवर ठेवावं तसं.

तानुबाई इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. तिच्या आयुष्यात असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

"इतके वर्स आपन एका वाफ्यात बसलो," ती शेवटी म्हणाली. "मले काहून नाई सांगतलं व, का गल्लीले नाव हाय म्हनून?"

मनकर्णाबाईनं डोळे पुसले. माझ्याच तोंडून निघत नव्हतं, ती म्हणाली. तानुबाईनं मान हलवली. तिलाही नवरा होता, तिनंही त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. तेवढं तिला कळलं. आणखीही काही कळलं असावं, कारण तिनं पुढं होऊन मनकर्णाबाईच्या हातातून पोरीला घेतलं, आपल्या छातीशी धरलं आणि पाठमोऱ्या बाईच्या खाटेजवळून मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या.

संध्याकाळी ती निघाली. बंडी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती. मनकर्णाबाई तिला पोचवायला बाहेर आली. तानुबाई बंडीत चढली, बसली, आणि गड्यानं बैलांचा कासरा हातात घेतला तरी तिनं निघायला सांगितलं नाही.

"घरी नेल्यावर येते मी लेकरू पाह्याले," ती म्हणाली. गड्याकडं बोट दाखवून पुढं म्हणाली, "याले काय सांगू? कुठी जायचं म्हनून?"

मनकर्णाबाईनं या खेपेला ओठ दोनदा उघडले नाहीत.

"सांग, मोतीरामजीच्या गल्लीत जायचं हाय," ती म्हणाली. "आन बंडी तोंडाशी उभी नोको करू, तानू. आत आन, माह्या दारापर्यंत. चाक फसत नाई तथी."